तिच्या ताटापर्यंत

या प्रवासात मी नगर जिल्ह्याची हद्द एकदाही ओलांडली नाही. सामान म्हणजे खांद्याला एक पिशवी, तीत पाण्याची बाटली, छत्री आणि हात पुसायला पंचा. निघायचो शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आणि दिवेलागणीपर्यंत श्रीरामपूरला परत. तरीही मी याला प्रवासच म्हणतो. दर वेळी जेवून उठलो की आपण फार लांब जाऊन आलो असं वाटायचं, आणि जिथे खरं पोचायचं होतं ते गाव मात्र होतं तितकंच लांब राहायचं.

ते गाव भुवनेश्वर. माझी बायको रिबिका तिथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आधी ती श्रीरामपुरातच एका खासगी दवाखान्यात होती. तिथून घरी यायला ती कधी उशीर करायची नाही, पण आली की बराच वेळ चपलाही न काढता ओट्यावर बसून राहायची. मग तिने देशपातळीवरची परीक्षा दिली, पास झाली आणि नेमणूक निघाली ती थेट ओडिशात. चर्चमध्ये तिच्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, गल्लीत पेढे वाटले गेले, आणि मी तिला पोचवून आलो. तिथे राहिलो तेवढे दिवस आम्ही दोघं स्टेशनजवळच्या एका पंजाबी हॉटेलात पनीर आणि रोटी खात होतो, कारण बाकीच्या पाट्या दोघांनाही वाचता येत नव्हत्या.

मी अनुदानित शाळेत गणित शिकवतो. घरी आई आहे. मला सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्यात, तिला ड्युटी लावणाऱ्यांच्या मर्जीने. असं आमचं चाललं होतं. फोनवर रोज बोलणं व्हायचं. पहिल्या वर्षी ती मेसमधल्या जेवणाची तक्रार करायची, भाकरीची आठवण काढायची. हळूहळू तक्रार थांबली. मग तिच्या बोलण्यात मला न कळणारे शब्द यायला लागले. दालमा, बेसर, गोंगुरा. हॉस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत लक्ष्मी नावाची आंध्रातली एक मुलगी होती आणि दुसरी राजस्थानची. कोणी कोणाला काय खाऊ घातलं हे ती रंगवून सांगायची आणि मी हं हं करत ऐकायचो.

या मे महिन्यात ती आली. दुसऱ्याच संध्याकाळी तिने उरलेल्या भातात भरपूर पाणी घालून पातेलं झाकून ठेवलं. सकाळी आईला वाटलं, चुकून राहिलं असेल, म्हणून ती ते फेकायला निघाली. रिबिकाने घाईने पातेलं हातातून घेतलं. दुपारी त्या आंबूस भातात मीठ, दही घालून, कांदा आणि भाजलेल्या वांग्याबरोबर ती जेवली. त्याला पखाळ म्हणतात, असं तिने सांगितलं. त्या दिवशी आई आमचं जेवण झाल्यावरही जेवायला बसली नाही. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपल्या घरात शिळा भात खायची पाळी आणू नको म्हनाव तिला. शेजारची बाई खिडकीतून बघत हुती."

मी रिबिकाला त्यातलं काही सांगितलं नाही. पण ती जेवत असताना मी तिच्याकडे बघत बसलो होतो, ते मला विसरता येईना. ती अगदी तल्लीन होऊन, बोटं चाटत जेवत होती. तिच्या तोंडाला एक चव होती आणि ती मला ठाऊक नव्हती. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

ती परत गेली. शाळा सुरू झाली. आणि एका शनिवारी शाळेतून घरी न जाता मी बसस्टँडवर गेलो.

शिर्डी

रिबिका सांगायची त्या चवी शोधायला निघालो होतो, आणि शिर्डी जवळची म्हणून तिथून सुरुवात. बाभळेश्वर, राहाता, दोन्ही बाजूंना ऊस आणि पेरूच्या बागा. रस्ता इतका पायाखालचा की मी खिडकीबाहेर कधी बघतच नसे. शिर्डीत आम्ही आसपासची माणसं जेवायला थांबत नाही. कोणाला आणायला जायचं, कोणाला सोडायला जायचं आणि निघायचं. पण आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या भाविकांसाठी तिथे गल्लीगल्लीत त्यांच्या खानावळी आहेत, हे येताजाता दिसलेलं होतं. गोल अक्षरांची एक पाटी बघून आत शिरलो. एका टेबलावर मध्यमवयीन नवरा-बायको बसले होते. समोरची खुर्ची रिकामी होती, तिथे बसलो.

वाढप्याला मी पोळी मागितली. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ताटात भाताचा डोंगर रचून गेला. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी, मुठीएवढा. इथे पहिल्या घासापासून भात. कुठून हात घालावा ते कळेना. सवयीने मान खाली घालून प्रार्थना केली, तेव्हा समोरच्या बाई थांबल्या. माझं आमेन झाल्यावरच त्यांनी पुढचा घास घेतला, हे मी डोळे उघडताना पाहिलं.

मग त्यांनीच मला मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवलं. आधी एका कोपऱ्यातला भात फोडायचा, त्यावर लाल चटणीची पूड आणि तूप. ते संपलं की पुढचा कोपरा, त्यावर घट्ट वरण. मग आंबट कालवण, मग रसम आणि सगळ्यात शेवटी दही. मी पूड जास्त घेतली आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी आपल्या वाटीतलं दही उचलून माझ्या ताटात ओतलं. मग जणू त्यात काही विशेष नाही अशा तऱ्हेने नवऱ्याच्या भातावर तूप सोडलं. त्याने मागितलं नव्हतं आणि त्याने वरही पाहिलं नाही. मला त्या तुपाच्या धारेचा हेवा वाटला.

एका वाटीत काळपट हिरवी चटणी होती. ही काय, असं विचारल्यावर बाई अभिमानाने म्हणाल्या, गोंगुरा. मी बोट बुडवून जिभेला लावलं. अंबाडी. आमच्या बांधावरची, लसणाची फोडणी देऊन बाजरीच्या भाकरीशी खातो तीच अंबाडी. एवढे दिवस मी त्या शब्दाभोवती काय काय कल्पना केल्या होत्या. मला हसू आलं आणि ते का आलं हे बाईंना हिंदीत समजावून सांगता येईना.

रविवारी चर्चहून आल्यावर रिबिकाला फोन केला. गोंगुरा खाल्ल्याचं सांगितलं. तिने विचारलं, कुठे खाल्लास. मी सगळं सांगितलं. ठसक्याचंही.

"अंबाडी आहे ती, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "पण अवी, तू खरंच तेवढ्यासाठी शिर्डीला गेलास?"

हो म्हणालो. त्यानंतर आम्ही बराच वेळ जेवणावरच बोललो. लग्नानंतर इतकं कधी बोललो नव्हतो.

कोल्हारचा रस्ता

नंतरच्या एका शनिवारी मोटरसायकल काढली. बेलापूरवरून कोल्हार, तिथून नगर-मनमाड रस्त्याला लागलो. प्रवरा दोन्ही काठ भरून वाहत होती. राहुरीच्या बाजूला थोडं गेल्यावर मालट्रका उभ्या दिसल्या आणि त्यांच्यामागे एक राजस्थानी ढाबा. बाहेर बाजा टाकलेल्या, त्यांवर ड्रायव्हर मंडळी आडवी झालेली.

दाल-बाटी मागवली. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे पितळी पातेल्यातल्या तुपात बुडवून आणले. मी चमच्याच्या टोकाने एक तुकडा काढायला लागलो, तसा गल्ल्यावर बसलेला मालक उठून आला. त्याने बाटी मुठीत धरून कुस्करली, डाळ ओतली आणि आता खा म्हणाला. त्याचं नाव भंवरलाल. गाव नागौरच्या बाजूला. मराठी आमच्यासारखीच बोलत होता, मधूनच लई म्हणत होता. गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून माझ्यासमोरच बसला. एकटेच आलात का, असं त्याने विचारलं आणि मी रिबिकाबद्दल सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं.

त्याचंही तसंच होतं. फक्त उलट. तो इथे, बायको-मुलगी तिकडे. वर्षातून होळीला जायचं. मी विचारलं, सवय होते का. तो बाटीच्या राखेचे कण टेबलावरून झाडत होता, तो थांबला.

"पहिल्यांदा लई त्रास झाला. मग सवय झाली. सवय झाली तेच वाईट झालं, सर. आता घरी गेलो तर बायको माझ्यासाठी चांगली चादर काढते. पाहुण्याला काढतात ती."

एवढं बोलून तो उठला आणि एका ट्रकवाल्याची ऑर्डर घ्यायला गेला. मला पुढे जेवण जाईना. चुरम्याचा लाडू कागदात बांधून घेतला. येताना बेलापूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं, गाडी ढकलत नेली. त्या सगळ्या वेळात मला मे महिना आठवत होता. रिबिका यायच्या आदल्या दिवशी मी कपाटातून नवीन चादर काढली होती आणि तिच्यावरची घडी मोडेपर्यंत हाताने ओढून ओढून ती सरळ केली होती.

त्या आठवड्यात रिबिकाने फोनवर एक गोष्ट सांगितली. तिच्या रुग्णालयाजवळच्या एका इंग्रजी शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता. तिने चौकशी करून ठेवली होती. मी म्हणालो, बघू.

"बघू म्हणजे काय?" तिने विचारलं. मी आईचं नाव घेतलं, कायम नोकरीचं नाव घेतलं, भाषेचं घेतलं. ती ऐकून घेत राहिली. तिचा आवाज चढला नाही. शेवटी म्हणाली, बरं. मला ते बरं अजिबात बरं वाटलं नाही.

नागापूर

ओडिया जेवण मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खरं सांगायचं तर जायला धीर होत नव्हता. नागापूरच्या एमआयडीसीत ओडिशाची पुष्कळ माणसं कामाला आहेत, त्यांची खानावळ असणारच, हे माझा एक जुना विद्यार्थी तिथे नोकरीला आहे, त्याच्याकडून कळलं होतं. नगरच्या गाडीने विळद घाट चढून नागापूरला उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. कारखान्यांच्या भिंतींमागून चिखल तुडवत, पानटपरीवर विचारत एका पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीपाशी पोचलो. पाटी नव्हतीच. दारात चपलांचा ढीग असतो ते घर, असं टपरीवाल्याने सांगितलं होतं, पण मी पोचलो तेव्हा दारात चपला नव्हत्या. जेवणाची सुट्टी होऊन माणसं कामावर परत गेली होती.

आत एक बाई पातेली घासून पालथी घालत होती. तिचं नाव मिनती. नवरा ओतकामाच्या कारखान्यात आणि ही खानावळ चालवणारी. जेवण संपलं, असं तिने मान हलवून सांगितलं. मी छत्री मिटून तिथेच उभा राहिलो. इतक्या लांबून आलो होतो, भूक लागली होती, आणि त्याहून जास्त म्हणजे रडू येईलसं वाटत होतं. तिने कुठून आलात विचारलं. श्रीरामपूर म्हटल्यावर हातातली घासणी खाली ठेवली. एवढ्या लांबून का, असं विचारलं. बायको भुवनेश्वरला आहे, एवढंच मी सांगितलं.

ती आत गेली आणि एक वाडगा घेऊन आली. हे माझं आहे, मी आता खाणार होते, तुम्ही हे खाणार नाही, पण दुसरं काही नाही, असं तिने मराठी-हिंदी मिसळून सांगितलं. वाडग्यात पाण्यात बुडलेला भात होता.

याला पखाळ म्हणतात हे मला माहीत आहे, असं मी म्हणालो. तशी ती हसली, पहिल्यांदाच. तिने भात दोन वाडग्यांत केला. बरोबर बटाट्याचं भरीत, कच्चं मोहरीचं तेल घातलेलं, आणि तळलेल्या डाळीच्या वड्या कांदा-लसणाबरोबर कुटलेल्या. वड्या म्हणजे आमचे सांडगेच. मोहरीच्या तेलाचा वास नाकातून थेट डोक्यात गेला. पण तो भात. बाहेर पाऊस असला तरी पत्र्याखाली उकडत होतं, आणि ते गार, जरासं आंबूस पाणी घशाखाली उतरलं तसं मला सगळं अंग सैल झाल्यासारखं वाटलं. मी वाडगा तोंडाला लावून पाणी पिऊन टाकलं. रिबिकाही तसंच करत होती मे महिन्यात. तेव्हा मला ते लहान मुलासारखं वाटलं होतं.

"आउ टिके?" मिनती म्हणाली. आणखी थोडं. हे दोन शब्द मला ठाऊक होते. फोनवर मागून कोणाचा तरी आवाज यायचा, रिबिका नको नको म्हणायची, ते हेच.

जेवताना तिने आपलं सांगितलं. नवरा आधी एकटाच आला होता. सासू तिला सोडायला तयार नव्हती. ती बरीच भांडली आणि एक पातेलं आणि मसाल्याची पुडी घेऊन निघून आली. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पहिले कित्येक दिवस दुकानात जाऊन बोटाने दाखवायची. मोहरीचं तेल कुठे मिळतं ते शोधायलाच वेळ गेला. मग विचारलं, "तुमी तिकडं का नाय जात?"

मी सांगितलं, नोकरी आहे, भाषा येत नाही, घरी आई आहे. रिबिकाला सांगितली तीच यादी. तिने पहिल्या दोन गोष्टींकडे लक्षच दिलं नाही. "आई काय बोलली?" एवढंच विचारलं.

आईला मी विचारलंच नव्हतं.

पुन्हा नागापूर

शनिवारी मी कुठे जातो हे आईने इतके दिवस विचारलं नव्हतं. माझं ताट वाढून झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तेच गरम करून द्यायची. नागापूरहून आल्यावर मी तिला शनिवारच्या सगळ्या जेवणांचं सांगितलं. तिने विचारलं, त्या बाईकडं तू शिळा भात खाल्लास व्हय. हो म्हणालो. तिने तांदळातले दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, पुढल्या खेपेला मला ने.

मिनतीने शनिवारी आमच्यासाठी ताटं काढून ठेवायचं फोनवर कबूल केलं होतं. या वेळी दारात चपला होत्या. आत चटईवर पाच-सहा कामगार जेवत होते. आई इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती, चर्चला जाते तशी. कामगारांनी सरकून तिला भिंतीकडेची जागा दिली. मिनतीने दालमा वाढला. तुरीच्या डाळीत कच्ची पपई, भोपळा, वांगं, शेवगा, वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड आणि खोबरं. शेजारी बेसर, म्हणजे मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण. आईने ताट पुढे ओढलं, डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्याने प्रार्थना केली. परमेश्वरा, हे अन्न ज्या हातांनी केलं त्यांना आशीर्वाद दे, आणि जे घरापासून लांब आहेत त्यांना सांभाळ. कामगारांचे हात ताटावर थांबले. मिनती पळी घेऊन दारात उभी होती, तिनेही पदर घेतला. मराठी किती जणांना कळली कोण जाणे, पण आईचं आमेन होईपर्यंत कोणी घास घेतला नाही.

दालमा आईला आवडला. आमटीत एवढ्या भाज्या घालून बघायला पाहिजे, असं म्हणाली. शेजारचा एक तरुण कामगार मात्र दालम्याला शिवला नव्हता. रात्रपाळी करून आलेला, तो वाडग्यातला पखाळ खात होता. आई त्याच्याकडे बघत होती. मला भीती वाटली, ती काहीतरी बोलेल. तिने मिनतीला हाक मारली आणि मलाही ते दे म्हणाली.

मिनतीने वाडगा आणून दिला. आईने पहिला घास तोंडात घेतला आणि तिचा हात तसाच राहिला. मग ती माझ्याशी बोलायला लागली, ताटाकडे बघत, हळू आवाजात. तिचं माहेर कर्जतकडचं. ते मला ठाऊक होतं, पण हे ठाऊक नव्हतं.

"दुस्काळात आमची आय ताक मागून आनायची. त्यात शिळी भाकर कुस्करून आमाला द्यायची. तीन-तीन दिसाची भाकर. आमी भावंडं भांडायचो त्याच्यासाठी. लग्न होऊन इथं आले तवा मी ठरवलं हुतं, माझ्या घरात कुनी शिळं खायचं न्हाई." थांबून म्हणाली, "पोरगी गोड करून खात हुती आन् मला माझी आय दिसत हुती."

तिने वाडगा संपवला. पाणीसुद्धा ठेवलं नाही. मिनतीने ते लांबूनच पाहिलं, येऊन आईच्या पाया पडली, आणि का कोण जाणे आई एकदम तिच्या डोक्यावरून हात फिरवत रडली. मिनतीही रडली. तिच्या आईला बघून किती वर्षं झाली होती, ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. कामगार माना खाली घालून जेवत राहिले.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी आई आणि मी शेजारी. पाऊस उघडला होता. डिग्रसच्या आसपास उसाच्या शेतांत पाणी चमकत होतं. राहुरीला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा तिने विषय काढला. मिनतीने तिला सगळं सांगितलं होतं की काय, मला कळलं नाही. मी भुवनेश्वरच्या शाळेबद्दल घरी एक शब्द काढला नव्हता.

"रिबिकाकडं जायचं मनात हाय ना तुझ्या?"

मी म्हणालो, तुला एकटीला सोडून कसं जाऊ.

"मी एकटी कशी? चर्च हाय, तुझी मावशी गावातच हाय. गुडघे दुखतात, पन चालते अजून." गाडी सुरू झाली, तसं तिने खिडकीची काच ओढून घेतली. "तू इथं बसून मला सांभाळतोस आन् आतून झुरतोस, ते मला दिसत न्हाई व्हय? जा. मी बोलावलं की ये, एवढं कर."

श्रीरामपूर आलं. स्टँडवर उतरताना तिने माझा हात धरला आणि पायरी उतरल्यावर लगेच सोडला.

घरी

सोमवारी मुख्याध्यापकांना भेटून वर्षभराच्या बिनपगारी रजेचं बोललो. त्यांनी समजावण्याचा प्रयत्न केला, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर सोडतो म्हणाले. संध्याकाळी रिबिकाला सांगितलं. मला वाटलं होतं ती आनंदाने काही बोलेल. पलीकडून वॉर्डातली घंटा, कोणाची तरी पावलं, एवढंच ऐकू येत होतं.

"अवी, मग घर घ्यावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "हॉस्टेलवर नवऱ्यांना राहू देत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "नक्की ना? एक बघून ठेवलंय, घरमालकांना शब्द देऊ?"

दे म्हणालो. त्यानंतर ती रडत होती. मग तिला कोणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी मी कुठे गेलो नाही. शाळा सुटल्यावर थेट घरी आलो. आईने हुलग्याचं पीठ मळून ठेवलं होतं. शेंगोळे करायचे होते. मला बोलावून तिने पाटाशी बसवलं, हाताला तेल लावायला सांगितलं आणि पिठाची गोळी तळहातांत वळून बारीक शेंगेसारखी कशी करायची ते दाखवलं. माझ्या वळ्या जाड व्हायच्या, तुटायच्या. ती तुटलेल्या उचलून पुन्हा वळायची. लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात ते शेंगोळे पडले आणि सगळ्या घरात तो वास भरला, लहानपणापासून इतक्यांदा आलेला की मी कधी त्याला वास म्हणून ओळखलाच नव्हता.

आई नेहमी मला वाढून मग मागाहून जेवते. त्या दिवशी तिने दोन ताटं घेतली आणि माझ्यासमोर बसली. आम्ही शेंगोळे आणि भाकरी खाल्ली. रस्सा तिखट झाला होता. माझं नाक वाहत होतं आणि मी मान वर करत नव्हतो. आजवर दर शनिवारी मी दुसऱ्याच्या ताटाच्या ओढीने घराबाहेर पडत आलो होतो. आता हे माझ्या पुढ्यातलं ताट मी मोजून थोडेच दिवस जेवणार होतो.

आईने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला.

"तिकडं हुलगं मिळतंय का, ते तिला इचारून ठेव," ती म्हणाली. "न्हाई मिळालं तर मी पीठ दळून देते. पन ते लई दिस टिकत न्हाई."